विद्यार्थ्यांचा चित्रपट आणि त्याचे भित्तिपत्रक

आमच्या चर्चच्या दर्शनी व्हरांड्यात एक लाकडी फलक आहे. विवाहाच्या पूर्वसूचना, धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या वेळा आणि कधीमधी कोणाची चुकलेली शेळी सापडल्यास कळविण्याची विनंती, एवढेच त्यावर लागत असते. गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी त्या फलकावर एका चित्रपटाचे पोस्टर, म्हणजे भित्तिपत्रक, लागले. तिसऱ्या दिवशी आम्हीच ते आमच्या हातांनी काढून घेतले. ते लागले कसे आणि निघाले का, ही हकीकत घरी शिकती मुले असलेल्या वाचकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगत आहोत.

आमच्या खेड्यातील एक मुलगा व एक मुलगी बेळगावास महाविद्यालयात शिकतात. वृत्तपत्रे, आकाशवाणी, चित्रपट असा त्यांचा अभ्यासक्रम आहे. शेवटच्या वर्षी पाचपाच विद्यार्थ्यांच्या गटाने एक लघुपट तयार करावयाचा, तो बारा मिनिटांहून मोठा नसावा, आणि त्याबरोबर एक भित्तिपत्रक व चार छायाचित्रे सादर करावयाची, असा नियम. भित्तिपत्रकास वेगळे गुण. मुलाच्या वडिलांनी आम्हांस रस्त्यात गाठून विचारले, "फादर, हा अभ्यास म्हणायचा की खेळ?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना सांगितले की, २०२४ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील चिदानंद नाईक या विद्यार्थ्याच्या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटास फ्रान्समधील कान महोत्सवात, विद्यार्थ्यांच्या चित्रपटांच्या विभागात पहिले पारितोषिक मिळाले. गोष्ट कोणती, तर गावचा कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीची. कोंबडा गेला आणि गावात उजाडेनासे झाले. अशा गोष्टी तुमच्याआमच्या घरी चुलीपुढे बसून सांगत आले आहेत. वडिलांचे समाधान झाले की नाही कळले नाही, परंतु मुलास कॅमेऱ्यासाठी पैसे मिळाले.

मुलांनी विषय निवडला तो गावचाच. आमच्या गावी पूर्वी वस्तीची गाडी येत असे. रात्री साडेनऊला यावयाची, मुक्काम करावयाची आणि पहाटे पावणेसहाला दुधाचे कॅन, कॉलेजची मुले व बाजारच्या बाया घेऊन निघावयाची. ड्रायव्हर व कंडक्टर निजत ते थांब्याजवळच्या एका विधवा आजीच्या ओट्यावर. आजी पहाटे पाचला उठून त्यांना दोन ग्लास चहा देत असे. तेवीस वर्षे तिचा हा नेम चालला. पुढे गाडी बंद झाली. आजी मात्र अजून पाचलाच उठते. लघुपट एवढाच; लांबी अकरा मिनिटे. संवाद थोडे, पार्श्वसंगीत नाही, आणि शेवटी रिकामा रस्ता. आम्ही तो मुलांच्या संगणकावर पाहिला व आम्हांस तो मनापासून आवडला.

भित्तिपत्रक करण्याचे काम मुलीकडे होते, कारण तिचा हात चित्रकलेत चांगला. इतर चौघांच्या मते ते एका संध्याकाळचे काम होते. चित्रपट झाला, आता वर एखादा फोटो, खाली नावे, की संपले. ह्या समजुतीवर आम्ही त्यांना थोडे व्याख्यान दिले. (व्याख्यान देण्याची खोड आमच्या पेशास लागलेलीच आहे.) ज्यांनी आपल्या देशात चित्रपट रुजविला, त्यांतले पुष्कळजण मुळात रंग व कुंचला हाती धरणारे होते, हे मुलांना ठाऊक नव्हते.

दादासाहेब फाळके यांचेच घ्या. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले, छपाईच्या धंद्यात पडले, त्यासाठी जर्मनीसही जाऊन आले, आणि मग १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. हा चित्रपट सुरतेस लागला तेव्हा लोक येईनात. रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय असलेल्यांना एवढासा खेळ महाग वाटला. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात काढली की, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहा, दोन मैल लांबीचे चित्र पाहा. आणि गर्दी लोटली, असे सांगतात. आम्ही एकदा कुतूहलाने हा हिशेब मांडून पाहिला. चित्रपटाच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे असतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे चित्रे झाली ५९,२००. सत्तावन्न हजारांचा आकडा तर प्रामाणिक निघाला! परंतु दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. तो आकडा जवळजवळ तिपटीने फुगलेला. एकाच जाहिरातीत एक वाक्य खरे आणि दुसरे वाऱ्यावरचे. हा हिशेब मुलांपुढे मांडताना आम्हांस मोठी गंमत वाटत होती. तोच आपल्यावरही उलटणार आहे, याची कल्पना नव्हती.

आमच्या भागास अधिक जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे. त्यांचे आडनाव मेस्त्री. 'पेंटर' हे नाव धंद्यावरून पडले. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी घरच्या घरी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि १९२० साली 'सैरंध्री' दाखविला. आपल्या चित्रपटांची जाहिरात-चित्रे ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. ज्याने चित्रपट रचला त्यानेच त्याचे भित्तिपत्रक रंगविले, हे त्यातले घेण्यासारखे. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली. ती १९३३ साली पुण्यास गेली, आणि तिच्याच जागेत १९६० साली आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. वर सांगितलेला कोंबड्याचा लघुपट त्याच संस्थेतला.

मकबूल फिदा हुसेन हे पंढरपूरचे, बालपण इंदुरात गेलेले. मुंबईस आल्यावर पोटासाठी त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगविले, हे बहुतेकांना माहीत असते. सत्यजित राय जाहिरातीच्या कचेरीत चित्रकार होते. १९५५ च्या 'पथेर पांचाली'चे पोस्टर त्यांनी स्वतः रेखाटले, आणि पुढेही आपल्या चित्रपटांची अक्षरे ते हाताने काढीत राहिले.

असो. मुलीने हे सारे लक्षपूर्वक ऐकले. इतरांनी घड्याळाकडे पाहिले. सादर करण्यास दहाच दिवस उरले होते.

पहिले भित्तिपत्रक असे झाले. चित्रीकरणाच्या वेळी गटातील एकाने मोबाईलवर पुष्कळ छायाचित्रे घेतली होती. त्यांतल्या एकात आजी चुलीपुढे बसून पदराने डोळे टिपीत आहे, सुरकुत्यांवर जाळाचा उजेड पडला आहे, एका गालावर पाणी चमकत आहे. पाहताच मन हलावे असेच ते चित्र होते. मुलांनी ते भरपूर मोठे केले, भोवती काळा रंग भरला, आणि वर तांबड्या अक्षरांत चित्रपटाचे नाव घातले. आम्हांस दाखविले तेव्हा आम्ही "फार छान" असे म्हटले. हे शब्द आम्ही लपवीत नाही.

छापतानाच काही गोष्टी बिघडल्या. त्या सांगून ठेवतो, कारण आता गावोगाव वाढदिवसाचे व सणाचे फलक मुलेच तयार करतात. छायाचित्र दुकानदारास व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविले. मोबाईलने घेतलेले मूळ चित्र चार हजार ठिपके लांब होते. पाठविताना ते आपोआप आकुंचन पावून सोळाशेवर आले. 'ए-३' हा कागद साडेसोळा इंच उंच असतो. चांगल्या छपाईस एका इंचात तीनशे ठिपके लागतात. आमच्या वाट्यास शंभरही आले नाहीत, आणि आजीचा चेहरा फुटलेल्या फरशीसारखा चौकटीचौकटींचा दिसू लागला. अशी चित्रे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत, म्हणजे मूळ आकारात पोहोचतात, हे मागाहून कळले. दुसरे असे की, दुकानातील संगणकावर मुलांनी वापरलेले देवनागरी अक्षरवळण नव्हते; त्याने आपल्या मनाने दुसरे घेतले, ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसल्या, आणि 'दिग्दर्शक' हा शब्द वाचणाऱ्यास ठेच लागावी असा झाला. अक्षरांचे आधी रेषाचित्रांत रूपांतर करून दिले असते, तर ती जागची हलली नसती. तांबडा रंगही काळवंडला. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. निळसर, गुलाबी, पिवळी व काळी अशा चार शायांत पडद्यावरची सारी तेजी येत नाही. तरीही घाईपोटी पंचवीस प्रती तशाच छापून घेतल्या. एक चर्चच्या फलकावर, एक चहाच्या टपरीवर, एक पंचायतीजवळ. आणि तेच चित्र गावच्या सर्व मोबाईलांवर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आजी मिस्सास आली नाही. ती न येणे ही आमच्या गावी दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. सोमवारी सायंकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने बसावयास पाट दिला, पण चहाचे विचारले नाही.

बराच वेळ इकडचेतिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "फादर, मी कुठं रडत होते? धूर होता तो चुलीचा. त्या पोरांनीच ओली लाकडं आणली होती, चांगला जाळ दिसावा म्हणून."

आम्ही गप्प राहिलो.

"आता साऱ्या गावाला वाटणार, पोरगा बघत नाही म्हणून म्हातारी रडत बसते. काल रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, आई, मी तुला काय कमी केलं?"

तिचा मुलगा पुण्यास कारखान्यात आहे. दर महिन्यास पैसे पाठवितो, नाताळास व गणपतीच्या सुट्टीत मुलाबाळांसह येतो, आणि गेल्या वर्षी त्याने घरावर नवी कौले घातली. हे आम्हांस ठाऊक होते. गावास ठाऊक होते. तरी त्या काळ्या कागदावरचे ओले डोळे पाहून आमच्याही मनात त्यांपैकी काही आले नव्हते. शिवाय अकरा मिनिटांच्या त्या लघुपटात आजी एकदाही रडत नाही. ती उठते, अंगण झाडते, दूध तापविते, दोन ग्लास मांडते आणि पुन्हा उचलून ठेवते. जे चित्रपटात नाही ते भित्तिपत्रकावर होते. फाळक्यांचे दोन मैल मोजणाऱ्या आमच्या नजरेतून हे निसटले होते.

त्याच रात्री आम्ही मुलांना बोलाविले. दिग्दर्शक मुलगा नाराज झाला. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, म्हणून येथे देतो. तो म्हणाला, "फादर, कॅमेऱ्याने जे होते तेच टिपले. आम्ही काही बनविलेले नाही. आणि आजीने संमतिपत्रावर सही केली आहे." संमतिपत्र आम्ही मागवून पाहिले. इंग्रजीत छापलेला एक कागद. खाली आजीची थरथरत्या अक्षरांतली सही. चित्रीकरणास ती 'हो' म्हणाली होती हे खरे. तिचा चेहरा कोठे, केवढा आणि कशासाठी लागणार, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगावयास हवे असे आम्हांसही सुचले नव्हते. डोळ्यांत पाणी होते हे खरे, पण दुःख होते हे खोटे, आणि पाहणाऱ्यापर्यंत पोहोचले ते दुःखच. यावर मुलाने बराच वेळ विचार केला. मग तो म्हणाला, "पण मग पोस्टरवर दाखवायचं काय? गाडीच नाही."

मुलगी उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाच प्रश्न घेऊन आजीकडे गेली. आम्हीही मागोमाग गेलो. तिने आजीची क्षमा मागितली, आम्हीही मागितली. आजीने मान हलविली, आणि प्रश्न ऐकून जरा विचारात पडली. मग आत जाऊन मांडणीवरून दोन ग्लास घेऊन आली. स्टीलचे, जुने, कडा झिजलेले. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेण्याची चाल आहेच. एका ग्लासावर तिच्या नवऱ्याचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते. "हे दाखवा," ती म्हणाली. "ह्याच ग्लासांतनं पीत होते ते."

मुलीने त्यानंतरचे चार दिवस त्या ओट्यावर काढले. प्रथम तिने पेन्सिलीने काढले ते ग्लास उभे होते. आजी म्हणाली, "उभे कशाला? चहा झाला की धुऊन पालथे घालते मी." तेव्हा ग्लास पालथे झाले, आणि त्या एका बदलाने चित्रात सारी गोष्ट आली. ओट्याची शेणाने सारवलेली कड, तिच्यावर दोन पालथे ग्लास, पलीकडे धूसर रस्ता, आणि उजाडण्यापूर्वीचा निळा-राखी रंग. चित्र तिने कागदावर जलरंगांत रंगविले आणि मग त्याची प्रत संगणकावर घेतली.

भित्तिपत्रक तीन अंतरांवरून वाचले गेले पाहिजे, असे आम्ही तिला सांगितले होते; तिने ते शब्दशः घेतले. धावत्या गाडीतून पाहणाऱ्यास काही एक आकृती दिसली पाहिजे. टपरीवर उभ्या असलेल्यास नाव वाचता आले पाहिजे. आणि जवळ आलेल्यास खालची बारीक नावे. आजच्या काळात चौथे अंतर आले आहे: मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढे होणारे चित्र. तिने आपल्या भावास सायकलवरून फलकासमोरून चारदा जावयास लावले. "काय दिसलं?" "दोन घंटा." ग्लास पालथे असल्यामुळे त्यास घंटा वाटल्या! मग तिने त्यांच्या कडा सरळ केल्या, एकावर उजेडाची रेघ ओढली आणि बाजूस चहाची किटली ठेवली. पाचव्या फेरीस भाऊ म्हणाला, "चहा." तेव्हा ती थांबली.

नाव तिने छापील अक्षरांत न घालता हाताने काढले. तयार अक्षरवळणे आता पुष्कळ मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेची 'मुक्त' आणि 'बलू' ही वळणे कोणासही विनामूल्य वापरता येतात, आणि खालच्या नावांसाठी तिने 'मुक्त'च घेतले. पण चित्रपटाचे नाव काढताना तिने शिरोरेखा एकसलग रस्त्यासारखी ओढली व शेवटच्या अक्षरापूर्वी ती तोडली. (चित्रपटाचे नाव आम्ही येथे देत नाही. ते जाहीर करण्याचा मान मुलांचा.) कागदाच्या चारी कडांबाहेर तीन मिलिमीटर रंग सोडावा, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहत नाही, हेही या वेळी सांभाळले. फाइल दुकानात पेनड्राइव्हवर नेली, आणि आधी एकच प्रत छापून घेऊन ती दिवसाच्या उजेडात पाहिली. निळा रंग जरा मळका आला होता. तो उजळ केला.

खालच्या नावांवरून थोडी चर्चा झाली. दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनी, संकलन, महाविद्यालय, सारे आले. आजीचे नाव मुलांनी आभारांत शेवटी घातले होते. दिग्दर्शक मुलानेच ते तेथून काढून वर, सर्वांच्या आधी, एकटे लिहिले. आम्हांस कोणी काही सांगावे लागले नाही. आमचेही नाव आभारांत होते; ते मात्र आम्ही काढावयास लावले.

छापण्यापूर्वी मुलांनी ते आजीस दाखविले. संमतिपत्र या वेळी मराठीत, आणि त्यात भित्तिपत्रकाचा, मोबाईलवर पाठविण्याचा व महोत्सवास धाडण्याचा असे तीन वेगळे उल्लेख. मुलीने ते मोठ्याने वाचले. आजीने ऐकून घेतले, पण सही करण्यापूर्वी चष्मा मागितला. चित्र दारात उजेडाकडे धरले आणि ग्लासावरच्या कोरीव नावावरून बोट फिरविले. मुलीने ते ठिपके एकेक करून काढले होते. चार हात अंतरावरून दिसतही नव्हते.

पहिल्या भित्तिपत्रकाच्या सर्व प्रती आम्ही गोळा करून आधीच आजीच्या स्वाधीन केल्या होत्या. तिने त्यांचे काय केले, हे विचारले नाही. त्या दिवशी चुलीवर चहा मात्र सर्वांना मिळाला.

चहा पिताना ती पुन्हा चित्राकडे पाहत होती. मग म्हणाली, "कंडक्टरच्या ग्लासाला पोचा होता गं. तो कुठं गेला?"

मुलीने ग्लास हातात घेऊन फिरवून पाहिला. बुडाजवळ खरोखरच पोचा होता. चित्र काढताना तो भिंतीकडच्या बाजूस आला होता. तिने कप खाली ठेवला, पिशवीतून रंगाची पेटी काढली, आणि त्याच ओट्यावर बसून पोचा काढावयास लागली.